काटा अर्ध्यावरच का थांबतो

पुणे, मे महिना

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, गाडीचा पेट्रोलचा काटा बिघडला म्हणून तुम्ही फोन केलात तो जावयाला. तो बँकेत कर्जाच्या फायली बघतो. टाकीत किती माल आहे हे दाखवणारी यंत्रं कारखान्यात रोज मी दुरुस्त करते, आणि त्या शिक्षणाची फी तुम्हीच भरलीत. असो. फोनवर तुम्ही "हो हो, समजलं" म्हणता आणि विषय बदलता, म्हणून लिहूनच पाठवते आहे. आई हा कागद फ्रिजवर लावेल.

रामटेकहून येताना कन्हानच्या अलीकडे गाडी बंद पडली, ते मला आईकडून कळलं. तुमचं म्हणणं, उन्हानं वेपर लॉक झाला. बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकलंत, तेही ठीकच. नागपुरात मेमध्ये पारा 45 च्या वर जातो, आणि इंजिनाला चिकटलेला जुना यांत्रिक पंप तापला की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, हे खरंच आहे. पण वेपर लॉक असता तर इंजिन निवल्यावर गाडी सुरू झाली असती. ती झाली कशानं, तर बाटलीतून आणलेल्या पेट्रोलनं. "अर्धी टाकी दाखवून राहिली न," असं तुम्ही आईला सांगत होतात तेव्हा टाकी कोरडी होती.

आता मुद्द्याचं. आईने दोन गोष्टी सांगितल्या आणि त्या दोन्हींत निदान आहे. एक, टाकी गच्च भरली तरी काटा अर्ध्याच्या वर जात नाही. दोन, मागे एकदा काटा अर्ध्यावर असताना पंपावर 22 लिटर पेट्रोल मावलं. आपली टाकी 28 लिटरची. म्हणजे त्या वेळी आत सहाच लिटर होतं आणि काटा चौदा सांगत होता.

टाकीच्या आत एक फ्लोट असतो, हलका, पेट्रोलवर तरंगणारा. तो एका दांडीला जोडलेला असतो, आणि दांडीचं दुसरं टोक विद्युतरोधाच्या पट्टीवर सरकतं. या अख्ख्या भागाला मेकॅनिक सेंडर म्हणतात. आपल्या गाडीत टाकी भरलेली असली की रोध कमी आणि रिकामी होत गेली की जास्त. काही गाड्यांमध्ये हे नेमकं उलट असतं, म्हणून दुसऱ्या गाडीचा अनुभव इथे लावून चालत नाही. सेंडरमधून एक वायर डॅशबोर्डच्या मीटरला जाते आणि परतीचा रस्ता गाडीच्या बॉडीतून, म्हणजे अर्थिंगमधून असतो.

यावरून बघा. वायर तुटली तर रोध अमर्याद, काटा रिकाम्यावर पडेल. अर्थिंगला गंज चढला तर रोध वाढेल, काटा असेल त्यापेक्षा कमी दाखवेल. फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरलं तर तो बुडेल, तरीही कमीच. उंदरांनी सोललेली वायर बॉडीला टेकली तर काटा कायम भरलेल्यावर चिकटेल. आपला काटा यातलं काहीच करत नाही. भरल्या टाकीला आणि रिकाम्या टाकीला तो एकच उत्तर देतो. म्हणजे दांडी मध्येच अडकली आहे. एक तर तिच्या सांध्यात गंज-मळ बसला असेल, नाही तर टाकीच्या तळाला खालून ठोकर लागून आत पोचा आला असेल आणि दांडी त्याला अडत असेल. (बाबा, आपल्या गल्लीतला गतिरोधक तुम्ही कसा ओलांडता ते मी पाहिलं आहे.)

आईला मी आणखी विचारलं होतं की इंजिनाच्या तापमानाचा काटा नीट चढतो का. चढतो म्हणाली. दोन्ही काटे एकदम बिघडले असते तर फ्यूज किंवा मीटरकडे जाणारा वीजपुरवठा तपासावा लागला असता. तो प्रश्न मिटला.

म्हणूनच "पूर्ण मीटरच बदलून टाका, जुन्या गाडीचा आणून देतो" असं सांगणाऱ्या गॅरेजवाल्याला नाही म्हणा. सेकंड हँड मीटर बसवलं की किलोमीटरचा आकडा दुसऱ्याच गाडीचा येईल, आणि काटा तिथेही अर्ध्यावरच थांबेल, कारण खोटं टाकीतून येतंय.

खात्री करून घ्यायची असेल तर चाचणी सोपी आहे. सेंडरला जाणाऱ्या वायरची जोडणी सोडवायची, किल्ली फिरवायची. काटा रिकाम्यावर उतरला पाहिजे. मग तीच वायर, मध्ये मीटरमधला असतो तसा 12 व्होल्टचा छोटा बल्ब घालून, बॉडीला टेकवायची. काटा वर चढू लागला पाहिजे. जुन्या मीटरचा काटा सावकाश हलतो, म्हणून जरा थांबायचं आणि पूर्ण वर जायच्या आत वायर काढायची. दोन्ही झालं तर मीटर आणि वायर निर्दोष. पण हे मेकॅनिकला करू द्या. टाकीजवळ ठिणगी उडणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

सेंडर बाहेर काढायचा तो टाकीत पेट्रोल थोडंच असताना, उघड्यावर, बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढून. पोर्चमध्ये नाही, आणि आई आत स्वयंपाक करत असताना तर अजिबात नाही. सांधा साफ करून दांडी मोकळी झाली तर नवा भाग घ्यायची गरजही पडणार नाही. पट्टी घासून गेली असेल तर मात्र सेंडरच बदला. बसवण्याआधी तो कोरडा करून, टाकीचं तोंड झाकून, टाकीपासून लांब मोकळ्या हवेत मल्टीमीटर लावून रोध मोजायला सांगा. दांडी हातानं खालून वर नेताना आकडा सलग कमी होत गेला पाहिजे, मध्ये उडी नको. आणि गॅस्केट, म्हणजे सेंडर आणि टाकी यांच्यामधलं सील, नवंच टाकायचं. जुनं पुन्हा दाबून बसवलं तर मागच्या सीटवर पेट्रोलचा वास येत राहील आणि आईचं डोकं दुखेल.

आई, आता तुझं काम. काटा दुरुस्त होईपर्यंत गाडीत एक वही ठेव. टाकी भरली की किलोमीटरचा आकडा लिही. शहरात गाडी लिटरला 14 च्या आसपास देते असं धरलं, तर 200 किलोमीटरला निम्मी टाकी संपते. त्यात एसी, सीताबर्डीची गर्दी, सिग्नलला उभं राहणं आलं तरी हाताशी भरपूर राहतं. तेव्हा 200 झाले की पंपावर, काटा काहीही म्हणो. हे काम मी बाबांना देत नाही, कारण ते "अजून जाईल" म्हणतील.

त्या "अजून जाईल"चं मूळही मला माहीत आहे. तुमच्या चेतकला काटाच नव्हता, पण रिझर्व्हचा कॉक होता. गाडी खोकली की पायाशी हात घालून कॉक फिरवायचा आणि रमतगमत पंप गाठायचा. त्या स्कूटरनं तुम्हाला कधी रस्त्यात सोडलं नाही. या गाडीला तसा कॉक नाही. खोकली की संपली. शिवाय टाकी तळाला जाईपर्यंत चालवली की इतक्या वर्षांचा गाळ फिल्टरकडे ओढला जातो, आणि मग कार्ब्युरेटर उघडायची वेळ येते.

भरतानाही एक लक्षात ठेवा. नोझल आपोआप बंद पडलं की थांबायचं, पैसे राउंड करायला वरून ओतायचं नाही. जमिनीखालच्या टाकीतून आलेलं पेट्रोल उन्हात 20 अंशांनी तापलं तर 28 लिटरमागे साधारण अर्धा लिटर फुगतं. त्याला जागा हवी. काडी घालून पातळी बघायचाही नाद करू नका, भरायच्या नळीला वळण आहे, काडी तळाला पोचत नाही.

गाडी विका असं मी म्हणत नाहीये. दादा म्हणतो, ते त्याच्याशी बोला. पण दुरुस्ती होईपर्यंत रामटेक, कोराडी, बुटीबोरी काही नाही, फक्त शहरात. बाजाराला, डॉक्टरांकडे, फुटाळ्याला जा हवं तर.

मेकॅनिकनं सेंडर काढला की त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून पाठवा, दांडी आणि पट्टी स्पष्ट दिसू द्या. जुना सेंडर त्याला देऊ नका, मापाला लागेल.

तुमची,
मीनू