चाळीस रुपयांचं काय द्यायचं

वडगाव, बेळगाव
घटस्थापनेच्या आधीचा रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. खानापूरकडच्या आजींच्या घरातले चाळीस चांदीचे रुपये विकायला निघालेत, घराला पैशाची नड आहे, आणि तुला ते घ्यायचेत. ‘त्यांना फसवायचं नाही आणि आपणही फसायचं नाही’ असं तू लिहिलंयस, ते मला फार आवडलं. म्हणूनच हे पत्र जरा लांबणार आहे. तोंडी अंदाजानं केलेल्या व्यवहारात बहुतेक वेळा नड असलेल्याच्याच पदरात कमी पडतं. आणि इथं अंदाज करायची गरजच नाही, सगळा हिशोब मांडता येतो.

पहिली गोष्ट, नगावर भाव ठरवू नकोस. ‘एका रुपयाला इतके’ असं कुणी म्हणालं तरी मान डोलवू नकोस. चाळीस नाणी एकसारखी दिसली तरी त्यांतली चांदी एकसारखी नसते. टेबलावर पांढरं कापड पसर आणि राजा-राणीच्या चेहऱ्यांवरून ढीग कर. विल्यमचा १८३५ चा, मग राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचा), मग उघड्या डोक्याचा एडवर्ड (१९०३ ते १९१०), मग पाचवा जॉर्ज (१९११ पासून). हे सगळे ९१.६७ टंचाचे, म्हणजे बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबं. वजन ठरलेलं, १८० ग्रेन, आपला जुना तोळा, ग्रॅममध्ये ११.६६. त्यात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम.

सहाव्या जॉर्जचा ढीग मात्र वेगळाच ठेव. १९३८ आणि १९३९ चे रुपये जुन्याच टंचाचे आहेत, पण १९४० पासून १९४५ पर्यंतचे निम्म्या चांदीचे. लढाईच्या काळात चांदी वाचवायला सरकारनं पन्नास टक्के चांदी, चाळीस टक्के तांबं, पाच टक्के निकेल आणि पाच टक्के जस्त असं मिश्रण केलं. वजन तेवढंच ठेवलं, ११.६६, म्हणून हातात घेऊन काही कळत नाही. त्यात शुद्ध चांदी फक्त ५.८३ ग्रॅम. दोन्ही जॉर्ज ओळखायला सोपे आहेत. पाचव्याचा खांद्यापर्यंतचा मुखवटा आहे, अंगावर झगा आणि झग्यावर हत्ती. सहाव्याचं नुसतं मुकुटासह डोकं आहे, झगा नाही. साल झिजलं असलं तरी एवढ्यावरून ढीग पाडता येतात. शिवाय नाणं आडवं धरून कड बघ. रेघांच्या मधोमध गोल फिरणारी खाच असली तर ते निम्म्या चांदीचं समज. खाच दिसली नाही तरी साल वाचल्याशिवाय पुढं जाऊ नकोस.

१९४७ चा, मागं वाघ असलेला रुपया कुणी ‘बेळ्ळी’ (कानडीत चांदी) म्हणून मध्ये घालेल. तो निकेलचा आहे. वजन तेच, रंगही फसवा, पण लोहचुंबकाला धावून चिकटतो. चांदी चिकटत नाही. १९४६ आणि १९४७ च्या वाघाच्या अधेल्या (अर्धा रुपया), पावल्याही (पाव रुपया) निकेलच्याच. तेव्हा खिशात एक चुंबक असू दे. पण चुंबक चिकटला नाही म्हणजे चांदी, असंही नाही. पितळ आणि जर्मन सिल्व्हर दोन्ही चिकटत नाहीत.

आता वजन. शंभरावा भाग ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा घे, म्हणजे ०.०१ चा. किराणा दुकानातला ग्रॅमचा काटा इथं चालणार नाही. काटा बरोबर आहे का ते बघायला आपलं साधं दहा रुपयांचं नाणं ठेव, ते सुमारे ७.७ ग्रॅम भरतं. मग प्रत्येक रुपया वेगळा तोल आणि वहीत लिही. हातोहात फिरलेला राणीछाप बहुतेक ११.३ ते ११.५ च्या दरम्यान भरतो. १९०६ च्या कायद्यात दोन टक्क्यांहून जास्त झिजलेला रुपया चलन म्हणून धरत नसत, म्हणजे ११.४३ च्या खाली. ही रेघ लक्षात ठेवायला सोपी आहे. ११ च्या खाली गेलेलं नाणं दिसलं की थांब. एक तर ते कड कापलेलं किंवा घासलेलं असतं, नाहीतर बनावट. ११.७ च्या वर गेलेलंही संशयाचं. त्याला कधीतरी कडी लावलेली असते आणि झाळणीचा डाग तसाच राहिलेला असतो, किंवा भोक बुजवलेलं असतं. पुतळ्यांच्या माळेबरोबर रुपये गळ्यात घालायची रीत होती, त्यामुळे असे तुकडे आपल्याकडच्या घरांत भरपूर सापडतील. डागाचं वजन म्हणजे चांदी नव्हे, तेवढं बाजूला काढून हिशोब कर. ते घरच्यांना दाखवूनच काढ.

तोळ्याच्या बाबतीत मोठी फसगत होते. सराफाकडं आज ‘तोळा’ म्हणजे दहा ग्रॅम. घरची म्हातारी माणसं ‘रुपया म्हणजे एक तोळा’ म्हणतात, ते जुन्या ११.६६ च्या तोळ्याबद्दल. दोन्ही खरं बोलतात आणि व्यवहार चुकतो. ग्रॅममध्येच बोल आणि ग्रॅममध्येच लिही.

चांदी खरी आहे का हे बघायची माझ्या मते सर्वांत भरवशाची रीत पाण्याची आहे. नाण्याला ओरखडाही पडत नाही. काट्यावर पेलाभर पाणी ठेव, काटा शून्य कर. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असं पाण्यात लटकव. तळाला किंवा कडेला लागू देऊ नकोस, आणि त्याला चिकटलेले बुडबुडे दोरा हलवून काढ. काट्यावर जो आकडा येईल तो नाण्याच्या आकारमानाचा. कोरडं वजन त्यानं भाग. जुन्या टंचाच्या रुपयात उत्तर १०.३ च्या आसपास येतं, म्हणजे पूर्ण वजनाचं नाणं पाण्यात सुमारे १.१३ दाखवेल. १९४० पासूनचं १.२२ च्या आसपास, म्हणजे उत्तर साडेनऊ. तांबं-निकेलचं बनावट नाणं १.३१ दाखवतं आणि पितळेचं १.३७ पर्यंत जातं. फरक शंभराव्या भागातला असल्यामुळं हात थरथरला तर गडबड होते. प्रत्येक नाणं तीनदा करून सारखा आकडा आला तरच मान. अधेली, पावली इतक्या छोट्या वजनावर या रीतीनं नीट कळत नाही.

आवाजाची परीक्षाही करून बघ. नाणं बोटाच्या टोकावर तोलून धर आणि पेन्सिलीच्या लाकडी टोकानं कडेवर हलकेच टिचकी मार. जुना रुपया लांबत जाणारा स्वच्छ आवाज देतो. आपण ‘नाणं खणखणीत’ म्हणतो ते काही उगाच नाही. भेगाळलेलं किंवा डाग लावलेलं खरं नाणंही बद्द वाजतं, म्हणून नुसत्या आवाजावर कुणाचं नाणं खोटं ठरवू नकोस. फरशीवर आपटून बघण्याची सवय तर पूर्ण सोड, कड दबते.

ओतीव खोटं नाणं भिंगातून लगेच कळतं. अक्षरांच्या कडा गोलसर आणि मेणासारख्या असतात, मोकळ्या जागेत बारीक खड्डे असतात, कडेच्या रेघा कुठंतरी पुसट होतात आणि कधी साच्याची जोडरेघ दिसते. खऱ्या नाण्याची झीज उंच भागावर होते: गालाचं हाड, मुकुट, केसांच्या वळ्या. खोलगट भागही तितकाच गुळगुळीत असेल तर ती झीज नव्हे.

सराफाकडच्या यंत्रावर टंच बघायचा विचार असेल तर एक लक्षात ठेव. यंत्र वरचा थर वाचतं. निम्म्या चांदीच्या रुपयांचा वरचा थर टाकसाळीतच आम्लानं तांबं काढून उजळलेला असायचा, म्हणून यंत्र पन्नासपेक्षा जास्त टंच दाखवू शकतं. त्या आकड्यावर भाव देऊ नकोस, साल बघून दे. कसोटीच्या दगडाचंही तसंच, पहिली रेघ वरच्या थराची येते.

आता पैसे. सोप्या हिशोबासाठी चांदी १०० रुपये ग्रॅम धरतो. तू ज्या दिवशी जाशील त्या दिवसाचा भाव घाल, आणि सराफाचा नुसत्या चांदीचा भाव विचार, दागिन्याचा मजुरीसह भाव नको. समज, चाळीसांत अठ्ठावीस जुन्या टंचाचे आहेत, सरासरी ११.४५ ग्रॅमचे, आणि बारा १९४० पासूनचे, सरासरी ११.५५ चे. अठ्ठाविसांचं वजन ३२०.६ ग्रॅम, त्याला अकरानं गुणून बारानं भाग, शुद्ध चांदी २९३.९ ग्रॅम. बारांचं वजन १३८.६, त्याचं निम्मं ६९.३. एकूण ३६३.२ ग्रॅम, म्हणजे ३६,३२० रुपये. सगळ्यांना जुना टंच धरलास तर ४२,०९५ होतात आणि तू पावणेसहा हजारांनी बुडालास. ‘चाळीस तोळे चांदी’ म्हणून ११.६६ ग्रॅम शुद्ध धरून मोजलंस तर ४६,६४० होतात आणि दहा हजारांहून जास्त गेले. उलट, कुणी सगळ्याच नाण्यांना निम्म्या चांदीचं ठरवून २२,९६० देऊ केले तर त्या घराचे तेरा हजारांच्या वर गेले. हे तीनही हिशोब ऐकायला सारखेच पटतात, म्हणूनच सांगतो की वही उघडी ठेव आणि घरातल्या कुणा शिकलेल्या मुलीला शेजारी बसवून तिलाच गुणाकार करायला सांग.

या ३६,३२० मधून किती कापायचं? नाणी तू जपून ठेवणार आहेस, वितळवणार नाहीस, मग माझ्या मते काही कापू नकोस. तुला हीच नाणी दुकानातून घ्यायची झाली तर धातूच्या किमतीवर काहीतरी चढच द्यावी लागेल. सराफ मोड म्हणून घेताना कापतो. त्याला गाळताना घट येते, शुद्ध करायचा खर्च येतो, पैसा अडकतो. त्याची वजावट त्याच्या जागी रास्त आहे, तुझ्या जागी नाही. फार तर वाटेत जायचा खर्च सांगून, दाखवून कापावास.

धातूच्या वर कधी द्यायचं हा पुढचा प्रश्न. नेहमीची सालं, म्हणजे १८४०, १८६२, एडवर्डची १९०४ ते १९०७, पाचव्या जॉर्जची १९१२ ते १९२०, हातोहात झिजलेली असतील तर ती धातूच्याच भावात. ‘शंभर वर्षांचं आहे’ म्हणून चढ देऊ नकोस. ही नाणी कोटींनी पाडली गेली. १९११ चा रुपया मात्र बाजूला काढ. त्यात झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाली, नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरला. तो संग्राहक जास्त भावानं घेतात. १९३९ चा दुर्मिळ आहे, आणि म्हणूनच १९३८ चा शेवटचा आकडा कोरून त्याचे खोटे नमुने फिरतात. भिंगातून त्या ९ च्या मुळाशी खरवड दिसते का ते बघ. १८६२ लिहिलेल्या नाण्यांवर मुंबई टाकसाळीनं पुढची बारा वर्षं तेच साल ठेवून ठिपके वाढवले. ते ठिपके झिजले नसतील तर मोजून ठेव, काही संख्यांना मागणी असते. असा एखादा तुकडा निघाला तर तो आजींच्याच नावानं वेगळ्या पाकिटात राहू दे. जाणकाराला दाखवल्यावर जो जादा भाव येईल तो त्यांचा. धातूच्या भावात गुपचूप घेऊ नकोस, ही माझी तुला विनंती आहे.

आपला मुलूख गोव्याला लागून असल्यामुळं पोर्तुगीज रुपियाही मध्ये सापडतील. लुईश राजाची १८८१-८२ ची रुपिया इंग्रजी रुपयाच्याच वजनाची आणि टंचाची आहे, तिला जुन्या ढिगात धर. विजापूरकडून आलेला, चारमिनार असलेला हैदराबादचा हाली रुपया वेगळा. वजन ११.१८, टंच ८१.८, शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅम, आणि लढाईच्या वर्षांतला निम्म्या चांदीचा. मराठी अमदानीतले हातानं ठोकलेले अंकुशी, चांदोडी रुपये मिळाले तर तोलून फोटो काढून मला पाठव. त्यांचा हिशोब वेगळा आहे. कंपनीच्या नावाची, हनुमान किंवा रामदरबार असलेली तांब्याची ‘१८१८’ ची नाणी कुणी दाखवली तर सरळ परत दे. कंपनीनं अशी नाणी कधी पाडलीच नाहीत, मग ती चमत्कारानं तांदळाचे दाणे ओढतात असं कुणी कितीही सांगो.

घरच्यांना आधीच निरोप धाड की नाणी चिंचेनं, राखेनं, लिंबानं किंवा टूथपेस्टनं उजळू नका. घासलेलं नाणं संग्राहक घेत नाही आणि थोडं वजनही जातं. हळदीकुंकवाचा थर असला तर कोमट पाण्यात बुडवून मऊ फडक्यानं टिपायचा, चोळायचा नाही. आणि कुणी ‘शेतात गाडग्यात मिळाले’ असं म्हणालं तर व्यवहार तिथंच थांबव. सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. आजींच्या देवघरातल्या डब्यातले असतील तर घरातल्या दोघांची सही घेऊन साध्या कागदावर वजनं, सालं, भाव, तारीख लिही आणि पैसे बँकेतून दे.

दिवाळीच्या तोंडावर लक्ष्मीपूजनासाठी रुपयाला मागणी वाढते आणि दुकानात भाव चढतो. त्यांना थांबणं जमत असेल तर तेही त्यांना सांग, निर्णय त्यांचा.

माझा काटा, भिंग आणि चुंबक कापडी पिशवीत घालून ठेवले आहेत. शनिवारी सकाळी निपाणीहून थेट खानापूरला जाऊ नकोस, आधी इकडे ये. दोन राणीछाप माझ्याकडं आहेत, त्यांच्यावर पाण्याची परीक्षा दोनदा करून हात बसव आणि मग जा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना सोबती

ता. क. दोऱ्याऐवजी मासे धरायची पातळ नायलॉनची तार घे. सुती दोरा पाणी पितो आणि आकडा हलतो.