पाय धुणाऱ्या हातांचे आभार

योहानकृत शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात प्रभू येशू कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. विदर्भातल्या खेड्यापाड्यांत उपासना आटोपल्यावर ओसरीत घमेली मांडून, कुष्ठरोगाने बधिर झालेले पाय धुणाऱ्या सर्व बंधुभगिनींचे मनापासून आभार.

पाणी तुम्ही साधंच घेता, हे फार मोलाचं. बधिर पायाला चटका कळत नाही. कोमट समजून ओतलेल्या पाण्याने फोड येतो आणि ती जखम महिनोन्‌महिने चिघळते. पाय 20 मिनिटं भिजवायचे, मऊ पडलेले घट्टे खरबरीत दगडाने हळूहळू घासायचे, ब्लेड कधीच नाही. मग ओल्या पायालाच तेल चोळायचं, म्हणजे ओल आत टिकते, भेगा पडत नाहीत. शेवटी एकेका बोटाची बेचकी उघडून बघायची. पऱ्हाटीचा खुंट नाहीतर बाभळीचा काटा रुतलेला असतो आणि त्या माणसाला पत्ताच नसतो.

औषधाने रोग बरा होतो, पण गेलेली संवेदना बहुतेकदा परत येत नाही. म्हणून हे रोजचं काम. मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या, मायक्रोसेल्युलर) रबराच्या, मागे पट्टा असलेल्या, एकही खिळा न ठोकलेल्या चपला बनवणाऱ्यांचेही आभार.

आणि पाय मांडीवर घेऊन तुम्ही मुकाट प्रार्थना करता, तेव्हा आखडून बसलेल्या माणसाचे खांदे सैल पडतात. घरच्यांनीही ज्याला हात लावायचं सोडलं, तो मग पंगतीत तुमच्या शेजारीच वरणभाताला बसतो.