बालेवाडीत मुलींचे टेनिस कधी? क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी सकाळी सरावात माझी चौदा वर्षांची मुलगी बेसलाइनजवळ पडली. आम्ही फी भरून खेळतो त्या कोर्टचा अॅक्रिलिकचा थर तिथे सोलवटून खालचे डांबर उघडे पडले आहे. भेगेत दोनदा सिमेंट भरले गेले आणि दोन्ही वेळा पहिल्याच पावसाळ्यात निघाले. तिच्या बुटाचे टोक त्यातच अडकले. ‘दिवाळीपर्यंत नवा थर देतो’ या शब्दाला आता दुसरी दिवाळी उलटून गेली. डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली आहे आणि दोन मानांकन स्पर्धांची भरलेली फी बुडाली आहे. कोचिंग, बूट, गटिंग (रॅकेटच्या तारा बदलणे), प्रवास मिळून महिन्याला वीस-बावीस हजार लागतात. गेल्या वर्षी मी पाटल्या गहाण ठेवल्या, त्या अजून सोडवता आलेल्या नाहीत.

हे आपल्याला लिहिते आहे, कारण तिला हा नाद पुण्यातील आपल्याच बालेवाडी क्रीडा संकुलाने लावला. तिथल्या आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धेच्या २०१९ च्या अंतिम सामन्यात केव्हिन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच यांचे तिन्ही सेट टायब्रेकरमध्ये गेले, आणि घरी परतताना गाडीवर मागे बसून तिने रॅकेट मागितली. २०२३ मध्ये पुण्याच्या पंधरा वर्षांच्या मानस धामणेला त्याच स्पर्धेत वाइल्ड कार्ड (क्रमवारी पुरेशी नसतानाही आयोजकांनी दिलेला प्रवेश) मिळाले, तेव्हा ‘आई, मला कधी?’ असे तिने विचारले. ती स्पर्धा फक्त पुरुषांची आहे, हे मला तिला सांगावे लागले.

चेन्नईहून २०१८ मध्ये आलेली ती एटीपी २५० (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमधील एक स्तर) स्पर्धा पाच वेळा होऊन पुण्यातून गेली. त्यानंतर त्याच संकुलात आलेली चॅलेंजर, म्हणजे त्याखालच्या स्तराची, स्पर्धाही पुरुषांचीच. डेक्कन जिमखान्यावर महिलांच्या आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) स्पर्धा होतात, एप्रिल २०२५ मध्ये महिलांच्या बिली जीन किंग चषकाचे आशिया-ओशिनिया गटातील सामने बालेवाडीत झाले, याचा आनंद आहेच. परंतु ती देशांच्या संघांची स्पर्धा, तिथे गावातल्या मुलीला वाइल्ड कार्ड नसते. ब्रिस्बेनमध्ये जानेवारीत पुरुष आणि महिला एकाच आठवड्यात, त्याच हार्ड कोर्टवर खेळतात. मग १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी एवढे मोठे संकुल उभारणाऱ्या शहरात ते का होऊ नये?

मंडप, फलक, पाहुण्यांच्या खुर्च्या यांसाठी या राज्यात पैसा वेळेवर निघतो आणि मुले रोज जिथे धावतात त्या जमिनीसाठी प्रत्येक वेळी फाइल अडते. हे मी केवळ टेनिसमध्ये नव्हे, मुलाच्या शाळेच्या मैदानावरही पाहिले आहे, आणि त्याचा मला संताप येतो.

बालेवाडीत पुरुष आणि महिलांची एकत्र व्यावसायिक स्पर्धा भरवावी, तिच्या पात्रता फेरीत स्थानिक मुलींना वाइल्ड कार्ड द्यावे आणि शहरातील सरावाच्या कोर्टची पावसाळ्यापूर्वी पाहणी करून लेखी तारीख कळवावी, ही विनंती. तिचे प्लास्टर पुढच्या महिन्यात निघेल. तिला कोणत्या कोर्टवर उतरवू, तेवढे कळवावे.

आपली,
कोथरूडमधील एक आई