दम लागला की धूळ, लिव्हर बिघडलं की दारू!

मा. आरोग्यमंत्री,
गोवा सरकार, पर्वरी

महोदय, सादर नमस्कार.

डिचोली-सत्तरीतल्या माणसाला दम लागला की खाणीच्या धुळीला बोल लावायचा आणि लिव्हर बिघडलं की दारूला, ही आपल्याकडची जुनी रीत. बहुतेक वेळा ती खरीही ठरते. पण काहींचं दुखणं आईवडिलांच्या जनुकांतून आलेलं असतं आणि ते शोधणारी रक्तचाचणी त्यांना कुणी सुचवतच नाही. अल्फा-1 अँटीट्रिप्सिन या प्रथिनाची.

हे प्रथिन मुख्यतः लिव्हरमध्ये तयार होतं आणि रक्तातून फुप्फुसांपर्यंत पोचतं. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी इलास्टेज नावाचं एन्झाइम सोडतात. त्याने फुप्फुसांचीच नासधूस होऊ नये म्हणून ही राखण. जनुकात झेड नावाचा दोष असला की प्रथिनाची घडी चुकते आणि ते लिव्हरच्या पेशींतच अडकतं. लिव्हरला साठ्याचा त्रास, फुप्फुसांना तुटवड्याचा! एखाद्या तान्ह्या बाळाची कावीळ लांबते, कुणाला पुढे सिरोसिस (लिव्हर कडक, निकामी होणं) होतो, कुणाला तिशी-चाळिशीतच एम्फिसेमा, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या फाटणं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला तर आणखी लवकर.

मी लॅबमध्ये काम करतो. मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या शंकेने इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या साहाय्याने रक्तातली प्रथिनं वेगळी करण्याची चाचणी) केलं की आलेखात आल्ब्युमिनच्या उंच सुळक्याला लागून अल्फा-1 चा लहानसा उंचवटा दिसतो. त्यात मोठा वाटा याच प्रथिनाचा. तो सपाट दिसला तर विचारायला हवं, पण सगळ्यांचे डोळे दुसऱ्या टोकाला, मायलोमाची खूण जिथे दिसते त्या गॅमा भागाकडे. स्वीडनमध्ये लॉरेल या संशोधकांच्या नजरेला नेमकी हीच रिकामी जागा पडली आणि 1963 साली त्यांनी व एरिक्सन यांनी हा विकार जगासमोर आणला. सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याच्या आजाराच्या) प्रत्येक रोग्याची ही चाचणी एकदा करावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या 1997 च्या निवेदनात आहे. आपल्याकडे ती कागदावरच राहिली.

खरं तर काम साधं आहे. सिरमची (गोठलेल्या रक्तावरच्या पाण्याची) एक ट्यूब पुरते. मात्र ताप किंवा सूज असताना हे प्रथिन वाढतं आणि कमतरता झाकली जाते, म्हणून सोबत सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारी रक्तचाचणी, करावी. पातळी कमी आली तर पुढची पायरी जनुक तपासणीची. तिथे झेड आणि एस (याच जनुकातला आणखी एक दोष) एवढेच प्रकार शोधणारा स्वस्त किट घेऊन गप्प बसू नये. दुर्मीळ बदल त्यातून निसटतात. एस प्रकार पोर्तुगाल-स्पेनकडे जास्त, हे ऐकून कुणीतरी साडेचारशे वर्षांच्या राजवटीशी नातं जोडीलच. रक्त तपासल्याशिवाय असलं काही बोलू नये.

'इलाज महागडा, मग चाचणी कशाला?' हा प्रश्न मी डॉक्टरांच्याच तोंडून ऐकलाय आणि मला तो पटत नाही. बाहेरून प्रथिन देण्याचे इंजेक्शन खर्चिक आहे, शिवाय लिव्हरला त्याचा उपयोग नाही, हे मान्य. पण सिगारेट सोडायला, दारूपासून दूर राहायला, फ्लू, न्यूमोनिया आणि हिपॅटायटिसच्या लसी घ्यायला असे किती पैसे लागतात? रोग्याच्या सख्ख्या भावंडांचं काय? आईवडील दोघेही वाहक, म्हणजे दोषाची एकच प्रत बाळगणारे, असतील तर प्रत्येक मुलाला तो दोष दोन्हीकडून मिळण्याची शक्यता चारात एक. मार्च-एप्रिलात काजूच्या भट्टीवर धुरात बसणाऱ्या, अजून ठणठणीत असलेल्या धाकट्या भावाला हे आजच कळलं तर तो वेगळं काम तरी शोधील.

तेव्हा मागणी एवढीच. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), म्हापशाचं उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ (जुनं आझिलो) आणि मडगावचं दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळ (जुनं हॉस्पिसियो) इथे सीओपीडीचं निदान झालेल्या प्रत्येकाची, कारण न सापडलेल्या सिरोसिसच्या रोग्याची आणि कावीळ लांबलेल्या बाळाची ही चाचणी आयुष्यात एकदा, फुकट व्हावी. रक्त साखळी-वाळपईलाच घ्यावं आणि सिरम थंड पेटीतून बांबोळीला पाठवावं. दम लागणाऱ्या माणसाला एका ट्यूबसाठी बसचे हेलपाटे नकोत. आणि पातळी कमी आलेल्या रिपोर्टखाली, आम्ही इतर सूचना छापतो तशीच, मराठीत आणि कोंकणीत एक ओळ छापावी: 'भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्या.'

आपला,
डिचोलीचा एक लॅब टेक्निशियन