रांजण नाही, बाकी नाणेघाटच

बर्गन (नॉर्वे), १५ जून

ती. आई-बाबा आणि आजी,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कबूल. फोनवर आईची गाडी 'जेवलीस का'च्या पुढं जात नाही आणि बाबा 'ठेवतो, बिल वाढेल' म्हणतात (व्हॉट्सॅपला बिल येत नाही, शंभरदा सांगितलंय). म्हणून सगळं लिहूनच काढते. तब्येत उत्तम. ऑफिस, पाऊस, भात-आमटी, सगळं तुम्हाला पाठ आहे तसंच चालू आहे.

नवीन एवढंच की जुलैच्या पहिल्या शनिवारी आम्ही चौघं आउरलांडच्या दरीतून चालत जाणार आहोत. मी, ऑफिसातल्या एकसष्ट वर्षांच्या बाई, त्यांचे यजमान वगैरे. आई, आधी पूर्ण वाच, मग ओरड. हा डोंगर चढायचा नाही, उतरायचा आहे. मधे थोडे चढ आहेत, पण पुणेकर सिंहगडावर रोज जातात त्याहून अवघड काही नाही, फक्त लांब आहे. आदल्या दिवशी बसनं ओस्टरब्योला जायचं, साधारण ८०० मीटर उंचीवर, तिथंच मुक्काम. सकाळी निघून नदीच्या कडेकडेनं खाली वास्सबिग्दीपर्यंत जवळजवळ २० किलोमीटर, सहा ते आठ तास. आल्या वाटेनं परत फिरायचं नाही, खाली बस मिळते. अंधाराची भीती नको. या दिवसांत इथं रात्री दहालाही लख्ख उजेड असतो.

बाबा, तुम्ही असता तर पुढं पळाला असता. गाडीरस्ता नव्हता तेव्हा पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची माणसं याच दरीतून ये-जा करायची. म्हणजे नाणेघाटच, फक्त जकातीचा रांजण नाही. मधे सिन्यारहाइम नावाची वाडी आहे, कड्याच्या एका फळीवर चिकटल्यासारखी. एवढ्याशा जागेत लोकांनी शेरडं पाळली, गवत कापलं, पोरं वाढवली. आता तिथं कुणी राहत नाही, घरं मात्र डागडुजी करून जपली आहेत.

दादानं तुम्हाला जो व्हिडिओ दाखवला ती वरची 'अस्वलाची वाट' आहे. तिकडून आम्ही जाणारच नाही. कृपा करून त्याला आणखी व्हिडिओ शोधायला लावू नका. आमच्या वाटेवर खडक फोडून काढलेला एक टप्पा आहे, तिथं हळू चालायचं, झालं. आणि 'छोटा नरक' म्हणून जे त्यानं वाचलं, तो साधा रांजणखळगा आहे हो, पाण्यानं खडकात कोरलेला खड्डा! आपल्या कुकडीवर निघोजला आहेत तसा, पण खोलीएवढा, आत पाणी साठलेलं. (म्हणजे रांजण आहे म्हणायचा.) वाटभर दगडांवर लाल 'टी' रंगवलेला असतो, चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. डोंगरात जाण्याचे इथं नऊ नियम आहेत. पहिलाच नियम, बेत नीट आखा आणि कुठं जाताय ते कळवा. म्हणून तर कळवतेय. आठवा नियम, वेळीच मागं फिरा, त्यात लाज नाही. हवामान बिघडलं तर जाणार नाही. झालं समाधान?

आता एक गंमत. इथं बसमध्ये अनोळखी माणसाशेजारी कुणी बसत नाही. दोन सीटची जागा असली की एकच माणूस, दुसरीवर त्याची पिशवी. लिफ्टमध्ये सगळे आकडे बघतात. पण तोच माणूस डोंगरात भेटला की 'हाय' म्हणतो, आणि तुम्हीही म्हणायचं, नाही म्हटलं तर उद्धट ठरता. मी शोध लावलाय की याला हद्द असते. फ्लोयेनच्या टेकडीवर रेल्वेच्या वरच्या स्टेशनापाशी कुणी बोलत नाही, झाडीत दहा मिनिटं आत गेलं की सुरू. माझ्या समोरच्या दारातल्या आजींनी दोन वर्षांत जिन्यात माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मे महिन्यात त्या वर तळ्यापाशी भेटल्या, 'हाय' म्हणाल्या, थर्मासमधली कॉफी दिली, गुडघेदुखी सांगितली. सोमवारी जिन्यात समोरासमोर आलो. त्यांनी किल्ल्या शोधायला सुरुवात केली. मीही शोधल्या. बाईंना विचारलं तर म्हणतात, जिन्यात काय बोलायचं असतं?

दशम्या करून नेणार आहे, मेतकूट अजून पुरतंय. बाकीचे ब्रेडवर तपकिरी चीज घालून आणतील, ते करपलेल्या बासुंदीसारखं लागतं. बूट चांगले घेतलेत, किंमत विचारू नका. कौलांसाठी चाळीस हजार पाठवलेत, उरलेले जुलैच्या पगारात नक्की. बुटांमुळे उशीर झाला असं नाही. थोडा झाला.

आजी, तुझी पट्टी काढली तेव्हा तू फोनकडे बघून 'किती बारीक झालीस' म्हणालीस ना? तेव्हा रेंज गेली नव्हती. मीच कॅमेरा बंद केला होता. ड्रॉप्स वेळेवर घाल.

नारायणगावच्या स्थळाला नाही कळवा. मुलगा चांगलाच असेल, त्याला माझ्यासाठी थांबवून ठेवू नका. ताईच्या लग्नाला यायचं बघतेय, तिकीट अजून काढलेलं नाही, पण बघतेय.

तुमची,
चिमी

ता. क. आई, तू 'वगैरे'पाशी थांबली असशीलच. चौथा सांगलीचा आहे. हे बाबांना मोठ्यानं वाचून दाखवू नकोस, मीच सांगेन.