डिलीट केलेली फाइल जाते कुठे, हे शाळेत शिकवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी ऑनलाइन कामांचं सेवा केंद्र चालवते. जून-जुलैत आमच्याकडे पीक विम्याची आणि प्रवेशाच्या कागदपत्रांची गर्दी एकदमच उसळते. त्या गर्दीत संगणकाच्या कोर्सचं प्रमाणपत्र हातात असलेली मुलंही असतात. त्यांना टायपिंग येतं, तक्ता करता येतो. पण आत्ता सेव्ह केलेली फाइल कुठे ठेवली, असं विचारलं की गप्प होतात. ‘ताई, मोबाइलमध्येच हाय नं,’ म्हणतात. मोबाइलमध्ये म्हणजे डाउनलोडमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरमध्ये की आणखी कुठे, हे त्यांना कोणी दाखवलेलंच नसतं. शिकवणाऱ्यांनी बटनं शिकवली. बटन दाबल्यावर आत काय होतं, ते राहून गेलं.

यंदा डी. फार्मला प्रवेश घेणारी एक मुलगी पेनड्राइव्ह घेऊन आली. दाखला, जातवैधता, नॉन-क्रीमीलेअर, सगळं स्कॅन करून त्यात ठेवलेलं. धाकट्या भावाने गाणी भरायची म्हणून तो फॉरमॅट, म्हणजे नव्याने कोरा, केला होता. मुळात हा पेनड्राइव्ह तिच्या मामाने तालुक्याच्या गावातल्या एका दुकानातून वापरलेला म्हणून स्वस्तात आणलेला. ‘रिसायकल बिनमध्ये पाहा नं ताई,’ ती सारखी म्हणत होती. रिसायकल बिन म्हणजे विंडोजची कचराटोपली. पण विंडोजमध्ये पेनड्राइव्हवरून उडवलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये जातच नाही. ती सोय संगणकाच्या आतल्या डिस्कसाठी. मी तिला पहिला प्रश्न विचारला, ‘फॉरमॅटनंतर यात काही भरलं का?’ भरलं नव्हतं. तिथेच अर्धं काम झालं.

याचं कारण शेतकऱ्याच्या घरात पटकन समजेल असं आहे. तलाठ्याच्या दप्तरातून सातबाऱ्याची नोंद काढली, तरी वावर जागेवरच असतं. संगणक चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिमही (आपल्याकडे बहुधा विंडोज) नोंद आणि मजकूर वेगवेगळे ठेवते. विंडोजच्या डिस्कवर बहुधा एनटीएफएस ही पद्धत असते. तिच्या नोंदवहीत प्रत्येक फाइलची साधारण १ केबीची नोंद असते: नाव, तारीख, आकार, आणि मजकूर डिस्कच्या कोणकोणत्या तुकड्यांत पडला आहे ते. एक तुकडा बहुतेक ४ केबीचा. डिलीट केलं की ती नोंद रद्द होते आणि ते तुकडे ‘मोकळे’ धरले जातात. मजकुराला कोणी हात लावत नाही. अनेक पेनड्राइव्हवर फॅट३२ ही जुनी पद्धत असते. तिच्यात तर फाइलीच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी फक्त ई५ हा एक बाइट, म्हणजे एका अक्षराएवढी खूण, लिहिला जातो आणि तिच्या तुकड्यांची जागा मोकळी म्हणून नोंदली जाते. क्विक फॉरमॅटमध्ये, म्हणजे झटपट होणाऱ्या फॉरमॅटमध्ये, नोंदवहीच कोरी होते, खालचा मजकूर तसाच. नवी फाइल त्या जागेवर लिहिली गेली, की मग मात्र तो खरोखर गेला.

म्हणून चुकून काही उडालं, तर त्या पेनड्राइव्हवर दुसरं काहीही भरू नये. फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्रॅम नोंदवही पाहतच नाही. तो अख्खी डिस्क चाळतो आणि फाइलीच्या सुरुवातीची खूण शोधतो. जेपीजी फोटोची सुरुवात एफएफ, डी८, एफएफ या बाइटांनी होते. पीडीएफच्या तोंडाशी टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरं असतात. सापडलेलं दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं, त्याच पेनड्राइव्हवर कधीच नाही. मुलीचे कागद निघाले. नावं गेली होती. प्रत्येक फाइलीला एफ आणि पुढे लांबलचक आकडा. एकेक उघडून पाहावी लागली.

हे पत्र लिहिण्याचं खरं कारण त्यानंतरचं आहे. उघडता उघडता तिच्या कागदांसोबत अनोळखी लोकांचे आधार, बँकेचे पासबुक, एका बाईच्या विधवा पेन्शनच्या अर्जाचे फोटो बाहेर आले. पेनड्राइव्ह विकताना ते सगळं डिलीट केलेलंच असणार. मी त्या फाइली तिथेच नष्ट केल्या. पण तसे पेनड्राइव्ह आणि जुने संगणक या जिल्ह्यात किती हात फिरले असतील, या विचाराने मला धास्ती वाटते. आपला कागद दुकानातून ‘काढून टाकला’ म्हटल्यावर माणूस निर्धास्त होतो, आणि तो कागद कोणीही थोड्या खटपटीने वर काढू शकतो.

यावर उपाय आहे आणि तो फुकटचा आहे. पेनड्राइव्ह विकायचा किंवा कोणाला द्यायचा असेल, तर फॉरमॅट करताना क्विक फॉरमॅटची खूण काढावी. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळ्या जागेवर शून्यं लिहितो. वेळ लागतो, लागू द्यावा. संगणकातल्या हार्ड डिस्कची मोकळी जागा पुसायला विंडोजमध्येच सायफर नावाची आज्ञा आहे. नव्या लॅपटॉपमधल्या एसएसडीची, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कची, गोष्ट वेगळी. तिथे डिलीट करताच ऑपरेटिंग सिस्टिम ‘हे तुकडे आता लागत नाहीत’ असं डिस्कला कळवते आणि डिस्क ते आपल्या सवडीने साफ करते. तिथे चुकून उडालेलं परत मिळण्याची आशा फार थोडी, म्हणून दुसरी प्रत ठेवलेलीच हवी. आमच्याकडे पावसाळ्यात लाइन कधी जाईल याचा नेम नसतो. कॉपी चालू असताना लाइन गेली, तर पेनड्राइव्हवर अर्धी फाइल राहते. एनटीएफएस आपली नोंदवही सावरून घेते, अर्धवट मजकूर पूर्ण करून देत नाही.

आणखी एक गोष्ट फाइलीच्या शेपटाची, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणाऱ्या अक्षरांची. विंडोज ते सहसा लपवून ठेवते, व्हॉट्सअ‍ॅपवर नीट पाहिलं तर दिसतं. पीएम किसानच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने आलेल्या फाइलीच्या शेवटी एपीके असेल, तर तो कागद नसून अ‍ॅप आहे आणि ते उघडून बसवलं की मोबाइल दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकतो. अशा फाइलींनी लोकांची खाती रिकामी झाली आहेत. ही तीन अक्षरं वाचायला आठवीच्या पोराला एक तास पुरे.

दर नव्या विंडोजमध्ये बटनं जागा बदलतात, म्हणून शिकवलेलं जुनं होतं, अशी शिक्षकांची तक्रार मी ऐकली आहे. फोल्डरात फोल्डर आणि त्यात फाइल ही मांडणी १९६९ मध्ये सुरू झालेल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये होती, १९९१ च्या लिनक्स या तशाच सिस्टिममध्ये आली, आणि लिनक्सच्याच गाभ्यावर चालणाऱ्या आपल्या अँड्रॉइड मोबाइलमध्येही तीच आहे. ती एकदा समजली की मुलगा कुठल्याही यंत्रासमोर बसू शकतो.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांत संगणकाचा पहिला महिना टायपिंगला न देता फाइल, फोल्डर, शेपूट, डिलीट आणि दुसरी प्रत यांना द्यावा; जुना पेनड्राइव्ह आणि मुलांचे स्वतःचे मोबाइल एवढ्यावर ते शिकवता येतं. दुसरी मागणी आम्हा केंद्रचालकांविषयी. ग्राहकाचं काम झालं की त्याचे स्कॅन, डाउनलोडमधल्या प्रती आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो त्याच दिवशी, त्याच्यासमोर काढावेत, आणि मोकळी जागा आठवड्यातून एकदा पुसावी, अशी अट केंद्राच्या परवानगीतच लिहावी. ती आमच्यावर सक्तीची झाली तरी माझी हरकत नाही. माझ्या केंद्रात हे आम्ही सुरू केलं आहे. रात्री शटर ओढण्याआधी थोडा वेळ जातो, तेवढाच.

आपली,
एक सेवा केंद्रचालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ