त्रास नाही, म्हणून गोळी नको?

महोदय,

हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आशाताई दारात आल्या की विदर्भात अजूनही हमखास ऐकू येतं, 'आम्हाला काही झालेलं नाही, कशाला उगाच?' या रोगाची खरी गोम इथेच आहे. हा रोग ज्या जंतामुळे होतो, तो लसीकावाहिन्यांत (शरीरात पाझरलेलं पाणी परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्यांत) पाच-सात वर्षं तग धरतो, तो शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवूनच. प्रतिकारशक्तीला आवर घालणारं 'आयएल-१०' हे द्रव्य आणि तेच काम करणाऱ्या नियामक टी-पेशी वाढतात, जंतावर तुटून पडणाऱ्या पेशी थंडावतात. ताप नाही, सूज नाही. रात्री रक्तात मात्र सूक्ष्म अळ्या फिरतात आणि डासामार्फत शेजारच्या घरी पोहोचतात.

पोटातले जंतही असेच वागतात. इथिओपियात जंतनाशक दिलेल्या प्रौढांच्या शरीराने क्षयरोगावरच्या बीसीजी लशीला इतरांपेक्षा चांगला प्रतिसाद दिला होता. म्हणजे पोटात जंत असताना लशीचाही जोर कमी पडू शकतो!

आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे. पत्रकांवर फक्त सुजलेला पाय छापू नका. धडधाकट माणसाच्या रक्तातही हा जंत असू शकतो, हे ठळक अक्षरांत लिहा. आणि गोळ्या हातात ठेवून निघून न जाता, जेवण झाल्यावर समोरच खायला लावा.

– एक वाचक, चंद्रपूर